कपाळावरची वेळ

त्या दिवशी सकाळी ०७०० ला आमची गस्तीची तुकडी पोस्टवरून निघाली. मी फौजेतला शिपाई, निलंग्याचा, शाळा आठवीतच सुटलेली. माझा बडी, म्हणजे जोडीदार, लान्स नायक गोविंद, किनवटकडच्या इस्लापूरचा. सेक्शन कमांडर हवालदार बिराजदार, उदगीरचे. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. घरापासून इतक्या लांब आपल्या भागातला माणूस वर असला की जीवाला धीर असायचा.

१०१० ला मोर्टारचा गोळा पडला. छर्रा माझ्या उजव्या दंडात घुसला, रक्त थांबेना. गोविंदनं दंडाला टुर्निकेटचा पट्टा आवळला आणि पेनानं माझ्या कपाळावर वेळ लिहिली. नियमच आहे तसा. पट्टा जास्त वेळ राहिला तर हाताची नस मरते, म्हणून डॉक्टरला वेळ दिसली पाहिजे.

"धा-बारा," तो म्हणाला. "घाम पुसू नको बरं. माझं अक्षर पहिल्यांदाच चांगलं आलंय."

रेडिओ सेट आणायला तो पुढं गेला. दुसरा गोळा तिथंच पडला. गोविंद जागीच गेला.

उस्तादनी मला खाली आणलं. थंडी लई होती. त्यांनी स्वतःची लोकरीची टोपी माझ्या भुवयांपर्यंत ओढली. तेव्हा ते मला देवासारखे वाटले. एड पोस्टवर डॉक्टरांनी पट्टा कधी बांधला विचारलं. उस्ताद म्हणाले, अर्धा तास झाला असेल, सर. खरे दोन तास उलटले होते, पण मला धड शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी घाई केली नाही; पट्टा सुटला १५०० ला, जवळजवळ पाच तासांनी.

हॉस्पिटलात टोपी निघाली, कपाळ स्पिरिटनं पुसलं. कापूस निळा झालेला मी पाहिला.

मनगट लोंबत राहिलं. मूठ वळायची, पण पंजा वर उचलेना. डॉक्टर म्हणाले, नस तुटली नाही, दबून गेलीय; वाढलीच तर दिवसाला एक मिलिमीटर.

उस्ताद रोज यायचे, मला घास भरवायचे. एक दिवस इंग्रजीतला कागद आणला. "फॉर्म्यालिटी हाय. कर सही." मी डाव्या हातानं केली. घास भरवणाऱ्याला काय विचारायचं?

आता मी नांदेडला वॉचमन आहे. मागच्या वर्षी गोविंदचा धाकटा भाऊ त्या कागदाची नक्कल घेऊन आला. त्यानं मराठीत सांगितलं: पट्टा बांधणाऱ्यानं वेळ लिहिली नाही, त्यामुळं हात गेला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

"आमच्या दादाची चूक होती का, भाऊ?"

"न्हाई. त्यानं लिवली होती."

मी उस्तादना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मेलेल्याला काय फरक पडतो रे? वेळ मीच चुकीची सांगितली हे कळलं असतं तर माझं प्रमोशन अडलं असतं." फोन मीच ठेवला.

मग मनगटाला पट्टी बांधून उजव्याच हातानं खरं काय ते मराठीत लिहिलं. सुरुवात माझ्या खोट्या सहीपासून केली. एका पानाला अख्खी दुपार लागली. एक प्रत फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला, एक इस्लापूरला त्याच्या आईला. ऑफिसचं उत्तर अजून नाही.

दरवर्षी त्या तारखेला १०१२ वाजता मी सॅल्यूट करतो. पंजा अजून वर राहत नाही, डाव्या हातानं धरावा लागतो. बोटं कपाळाला टेकतात, तिथंच त्यानं वेळ लिहिली होती.