वेगवान मेमरी आणि हिकमतचा जिम्मा

बगदादच्या सिनाआ रस्त्यावर पाऊल टाकाल तिथे कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्यांत गिऱ्हाइकाला "हे घेऊ नका" म्हणणारा माणूस एकच, हिकमत. माझं प्रिंटरच्या शाईचं दुकान त्याच्या समोरच. त्याचा हा खुळेपणा मी बावीस वर्षं बघत आलोय.

मेमरी हा त्याचा खास विषय. पोरं यायची, रंगीत दिवे लुकलुकणाऱ्या महागड्या मेमरीवर बोट ठेवायची.

"काका, ही घातली तर मशीन पळेल ना?"

"पळेल की. शंभर पावलांत तीन पावलं पुढे. तुला कळणारसुद्धा नाही. साधी घे आणि घरी जा."

आमच्याकडे सौदा ठरताना गिऱ्हाईक म्हणतं, "तुमच्या जिम्म्यावर सोडलं." मग विकणारा खोटं बोलला तर त्याचा जाब अल्लाच्या दारात. हे वाक्य ऐकून मी दिवसातून दहादा मान डोलावतो आणि जुनी, पुन्हा भरलेली कार्ट्रिजं नवी म्हणून खपवतो. हिकमत मात्र ते ऐकलं की हातातलं काम खाली ठेवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून विचार करायचा. मला त्याचा राग यायचा, कारण त्याच्यामुळे मी मला दिसायचो.

अकरा वर्षं वाट पाहिल्यावर यंदा हजच्या सोडतीत त्याचं नाव निघालं. हजला जाण्याआधी ज्याच्या-त्याच्याकडून जिम्मा मोकळा करून घ्यायचा, म्हणजे चुकलंमाकलं माफ करून घ्यायचं, ही आमची रीत. तुम्ही विचारायचं, समोरच्यानं लगेच "मोकळा" म्हणायचं. नाही कुणी म्हणत नाही. हिकमतनं सगळा रस्ता पालथा घातला, जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. सगळे मोकळा म्हणाले. मीही म्हणालो, आणि वर चहा उकळला त्याच्याकडून.

निघायला आठ दिवस उरले असताना रफल नावाची मुलगी मशीन घेऊन आली. वास्तुकला शिकणारी. जनरेटरच्या विजेनं पॉवर सप्लाय जळला होता. मी तेव्हा त्याच्याच दुकानात बसलो होतो. हिकमतनं मशीन उघडलं आणि सवयीनं म्हणाला, "पोरी, मी हजला चाललोय. माझा जिम्मा मोकळा कर."

तिनं मान आडवी हलवली.

"काय झालं गं?"

"काका, मागच्या वर्षी मी वेगवान मेमरी मागितली होती. तुम्ही म्हणालात, शुद्ध लूट आहे. मेमरीची एकच साधी पट्टी दिलीत. परीक्षेच्या दिवशी माझी इमारत पडद्यावर फिरवायची होती. चार पावलं चालायची, अडकायची. परीक्षक हसले, म्हणाले, बंद करा. वर्ष गेलं माझं."

हिकमत मशीनमध्ये डोकावला. ग्राफिक्स कार्ड नव्हतंच.

"कार्ड कुठंय?"

"मी दिलेल्या यादीत लिहिलं होतं, कार्ड नंतर घेईन."

त्यानं ती ओळ वाचलीच नव्हती. पाठ झालेलं उत्तर देऊन मोकळा झाला होता. कार्ड नसलं की चित्र काढायचं काम प्रोसेसर करतो, आणि त्यासाठी लागणारी माहिती तो याच मेमरीतून ओढतो. मेमरी संथ आणि एकटी असली की चित्र अडखळतं. अशा मशीनलाच वेगवान मेमरीची जोडी घ्यावी. हे हिकमतला माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं ठाऊक होतं.

त्यानं नवा सप्लाय बसवला, वेगवान पट्ट्यांची जोडी लावली, सेटिंगमध्ये जाऊन त्यांचा पुरा वेग चालू केला. रफलनं इमारत उघडली. जिना, गच्ची, अंगण, कुठेही न अडकता सगळं सरकत गेलं. ती बघत राहिली आणि तिचे डोळे भरले. हिकमतकडे तर मला बघवेना.

"या पट्ट्या तुझ्याच," तो म्हणाला. "आणि मला..."

"पट्ट्या घेते काका, मला लागणारच आहेत. पण मोकळा नाही म्हणणार. तोंडदेखलं म्हणता येईल. तुम्हाला तसं चालेल?"

"नाही चालणार," हिकमत म्हणाला.

मला त्या पोरीचा संताप आला. एक शब्द तर हवा होता! पण तिचं वर्ष गेलं होतं, माझं नव्हे.

त्या आठ दिवसांत त्यानं तिला तीनदा फोन केला. तिनं उचलला नाही. तो जेवेना. बायकोला म्हणाला, असलं ओझं घेऊन मी तिथे कुठल्या तोंडानं उभा राहू? निघायच्या सकाळी बस सुरू झाली तरी तो खालीच उभा. त्याचे मुलगे त्याला ओढत होते आणि हा गर्दीत कुणाला तरी शोधत होता.

"सबीह," तो मला म्हणाला, "ती पोरगी आली होती का रे दुकानाकडे?"

"काल आली होती," मी म्हणालो. "तू घरी गेला होतास. म्हणाली, काकांना सांगा, मोकळा."

"तुझ्या जिम्म्यावर?"

"माझ्या जिम्म्यावर."

त्यानं मला मिठी मारली. खांदा ओला झाला माझा. मग तो बसमध्ये चढला, बावीस वर्षांत प्रथमच माझ्या शब्दावर विश्वास ठेवून.

आज सहावा दिवस. दुकान बंद ठेवून मी रोज विद्यापीठाच्या फाटकाशी उभा राहतो. तो परत यायच्या आत मला ती मुलगी सापडायला हवी.