राजसक्काचा नववा दिवस

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. राजसक्का पहाटे पाच वाजून पाच मिनिटांनी घरी पोचली. गाडी एग्मोर स्टेशनात वेळेवर आली. ऑटोवाल्याशी रस्ताभर वाद घातल्यामुळे आवाज बसला आहे. डांगराचं पीठ, केळफूल आणि केळीची पानं आणली. दुधाच्या पिशव्या पुढच्या रविवारपर्यंत दोन सांगितल्या. जायचा दिवस तिने सांगितला नाही.

हे शेवटचं वाक्य माझ्या डायरीत पहिल्यांदाच आलं. एरवी राजसक्का उंबऱ्यातच, पिशवी हातात असतानाच सांगायची, "आठव्या दिवशी जात्यें." आमचे हे हसायचे. "वहिनी, आधी चपला तरी काढा!" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "भावोजी, पाहुण्यानं आपला दिवस आपण सांगावा. घरच्यांना मोजायला लावू नये."

आठ दिवसांचंही कारण होतं. आल्यापासून नवव्या दिवशी पाहुण्याने निघू नये, असं तंजावरच्या तिच्या घरात मानतात. म्हणजे एक तर आठव्या दिवशी निघायचं, नाही तर दहाव्या. मी दरवर्षी दहा म्हणायची आणि ती आठव्या दिवशी जायची. सातव्या संध्याकाळी तिची पिशवी बांधून दाराशी तयार असे.

आमची ओळख १९७८ची. ह्यांची, म्हणजे विद्याधरांची, बदली रेल्वेच्या डबे बनवण्याच्या कारखान्यात झाली, म्हणून आम्ही नागपूरहून आलो आणि अंबत्तूरला घर घेतलं. तेव्हा इथे तळं होतं, भोंगे होते आणि सकाळी सायकलींचा लोंढा. मला तमिळचं अक्षर येत नव्हतं. पंधराव्या दिवशी कुंपणापलीकडून कोणी चक्क मराठीत विचारलं, "डांगर खात्यां की नाही तुम्ही?" मी रडले होते, हे डायरीत नाही. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगत, वाटलं ते देवाला सांगा, घडलं ते वहीत लिहा. म्हणून डायरीत आहे ते एवढंच: शेजारच्या राजसबाईंनी डांगर दिलं. त्यातलं ताक आंबट होतं.

तिचं मराठी माझ्या पणजीच्या मराठीहून जुनं. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेल्या माणसांचं, त्यात तमिळचा हेल. मी तिच्या क्रियापदांना हसायची आणि ती माझ्या भाताला. "हा भात आहे की भिंतीला लावायची खळ?" रसम, दारातली कोलम रांगोळी, भाजीवाल्याशी भांडण, सगळं मी तिच्याकडून शिकले. १९९२ साली सासूच्या आजारपणामुळे ती तंजावरला परतली. तेव्हापासून, करोनाची दोन वर्षं सोडली तर, दर फेब्रुवारीत तिचे आठ दिवस माझे असतात. हे गेले, तिचे एकोजीराव गेले, तरी आठाचे नऊ झाले नाहीत.

येण्याजाण्याची तिकिटं मीच मोबाइलवर काढते. यंदाही परतीचं रविवारचं, ९ तारखेच्या रात्रीचं काढून ठेवलं होतं.

आठवडा नेहमीसारखाच गेला. एके दिवशी बसने इथल्या जवळच्याच कोवलमच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. पाय पाण्यात बुडवले आणि मासे विकणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकत बसलो. तिथे ती अचानक म्हणाली, "एकटीचं कॉफीचं डिकाशन गाळून पाहिलंस कधी? फिल्टरात दोन चमचे पूड घातली तर धड उतरत नाही. भरून घातली तर फेकावं लागतं."

तिच्यासोबत राहणारी नणंद रत्नप्रभा डिसेंबरात वारली. मुलगा मस्कतला. मी म्हटलं, "छोटा फिल्टर घे."

"घेत्यें," ती म्हणाली आणि लाटांकडे बघू लागली. मी मूर्खासारखं उत्तर दिलं हे बसमध्ये बसल्यावर कळलं.

काल शनिवार, सातवा दिवस. संध्याकाळ झाली, पिशवी बांधलेली दिसेना. ती भेंडी चिरत होती.

"अक्का, आवरायचं नाही का? उद्याची गाडी आहे."

"अय्यो, उद्या कसं जमेल? उद्या नववा दिवस!"

"आठवा. रविवारी आलीस, उद्या रविवार."

"मी आल्यें तेव्हा सूर्य कुठे उगवला होता? दिवस सूर्य उगवल्यावर लागतो. मणजे मी शनिवारीच आल्यें. मोज." तिने सुरीनेच हवेत मोजून दाखवलं. "नववा. तुझ्या इंग्रजी शाळेत दिवस बारा वाजता बदलतो, त्याला मी काय करूं?"

हिशेब चोख होता. मी खोलीत आले आणि कपाटातून जुन्या डायऱ्या काढल्या. २०२४: पहाटे पाच दहा. २०२३: चार पंचावन्न. २०१९, २०११, २००४. गाडी दरवेळी रात्रीचीच, येणं दरवेळी सूर्योदयाआधीचं, आणि जाणं माझ्या आठव्या दिवशी. म्हणजे ती आयुष्यभर नवव्याच दिवशी जात आली होती. सूर्य तिला यंदाच आठवला होता.

डायऱ्या जागेवर ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. पितळी फिल्टरात ती काठोकाठ पूड दाबत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुझ्या वह्या काय म्हणत्यात?"

"वह्यांत नुसती वेळ असते, अक्का. सूर्य नसतो."

मग तिने वरून पाणी ओतलं. "मग सोमवारचं तिकीट बघ."

"बघितलं. वेटिंग आहे. मंगळवारचंही."

मी काहीही बघितलं नव्हतं. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता, आणि तो तिला तिथून दिसत होता.

"सरि, बरं," ती म्हणाली. "मंगळवारी तसंही कोण निघतं?"

डिकाशन उतरेपर्यंत आम्ही दोघी ओट्याशी उभ्या होतो. थेंब पडायला लागल्यावर ती म्हणाली, "बघ, कसं उतरतंय." नंतर मी बाहेरच्या खोलीत जाऊन रविवारचं तिकीट रद्द केलं, दुसरं काढलं नाही, आणि दिव्याखाली बसून त्या दिवसाची नोंद लिहिली.

शनिवार, ८ फेब्रुवारी. हवा कोरडी. भेंडीची भाजी, रसम. दूध रोज दोन पिशव्या, पुढे चालू ठेवायला सांगितलं.