दारूच्या वेलांचा माळी

लोणावळ्यात एका बंगल्याच्या कुंपणातून, चार मुलांचा बाप असून, मी चोरून द्राक्षं तोडली आणि आंबट लागली म्हणून थुंकलो. पलीकडे म्हातारा माळी कुदळ घेऊन उभा होता.

"खायची न्हाईत ती, भाऊ. गोरा साह्येब त्यांची पांढरी दारू करायचा."

साहेब विलायतेला परतला होता. नव्या मालकाने वेल खणून काढायला सांगितले होते. माळी प्रत्येक जून खोडावर आधी हात फिरवी, मगच कुदळ घाली.

"तीस वर्सं वाढिवले." त्याने एक काडी तोडून पुढे केली. "मला जिमीन न्हाई. तुमी लावा, येक तरी जगंल."

दारूचा वेल दारात पाहून लोक काय म्हणतील, या धास्तीने मी जागा नसल्याचं सांगितलं. त्याने काडी ढिगावर टाकली.

घरी बायको म्हणाली, "अहो, परसदार सगळं रिकामं पडलंय. आणायची होतीत काडी. लोकांना काय सांगायचं ते मी सांगितलं असतं."