सर्टिफिकेटावरची कावीळ

कामाने माणूस कधी मरत नाही, हे आमच्या घराण्याचं एकमेव तत्त्वज्ञान. ते ऐकवणाऱ्या काकांनी चाळिशीतच नोकरी सोडली होती.

ऐंशीच्या दशकात घरोघरी मिक्सर येत होते आणि बिघडत होते. मुलुंडच्या एका कंपनीत मी गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहीत असे. 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत' हे वाक्य नऊ वर्षं लिहिल्यावर एका सकाळी मला पाकीट फोडता येईना. झोप उडाली, भूक गेली, बायकोवर उगाच ओरडू लागलो.

घाटकोपरच्या आमच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली आणि विचारलं, "रविवारी कसा असतोस?"

"मजेत. सुरमई खातो, शेजाऱ्यांबरोबर मेंढीकोट खेळतो."

"मग दमलायस रे. तीन आठवडे घरी बस."

पण दमणं हा आजार ऑफिसला मान्य नव्हता. डॉक्टर सगळ्यांसाठी करत तेच त्यांनी केलं. सर्टिफिकेटावर कावीळ लिहिली. बातमी पसरली, शेजारीण उसाचा रस आणून देऊ लागली. सुरमई अर्थातच बंद.

तिसऱ्या रविवारी आमच्याकडे डाव बसला. शेजारी ओरडला, "अरे, हुकूम आहे ना तुझ्याकडे? टाक ना! कावीळ डोळ्यांत उतरली काय?"

हुकूम हातात होता. टाकायचा कशासाठी, ते कळेना. हरलो, आणि त्याचं काही वाटलंही नाही.

सगळे गेल्यावर बायको कप उचलत म्हणाली, "अहो, तुम्ही आज भांडला नाहीत."

"कंटाळा आला गं."

"कंटाळलात की जास्त भांडता. उद्या डॉक्टरांकडे जायचंय."

या वेळी डॉक्टरांनी जीभ पाहिली नाही. "नुसता दमला असतास तर एव्हाना उतार पडला असता. हे आता रविवारपर्यंत पोचलंय. हे वेगळं," म्हणाले, आणि मनाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. हा आजार पहिल्यापासून दमण्याच्या आड लपला होता की त्यातूनच निघाला, हे त्यांना सांगता आलं नाही. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात म्हणे.

गोळ्या सुरू झाल्या. पुन्हा चव कळू लागायला चार महिने लागले. तक्रारींचा वैताग गोळ्यांनी गेला नाही. त्या त्यासाठी नव्हत्याच.

मधल्या काळात ऑफिसने कळवलं, कावीळ इतकी लांबत नाही, खुलासा करावा. डॉक्टरांनी 'कावीळ उलटली' असं लिहून दिलं. रजा मंजूर झाली.