लाल झारी

महेंद्र माझा सख्खा धाकटा भाऊ. पाठचा, भाऊ म्हनून एकुलता एक. त्याला गाडी मी शिकवली, आन अख्ख्या राजूरात त्याच्यासारखा डायव्हर न्हाई. हे भाऊ म्हनून सांगत न्हाई, खरं हाय म्हनून सांगतो. मी सातवीत शाळा सोडली, त्यानं धाव्वीत. पन भल्या भल्या शिकलेल्यांना दिसत न्हाई ते त्याला बोनटाखाली दिसतं. ह्या गोष्टीत माझं काम हितवर. हितनं पुढं सगळं त्याचं.

महेंद्र केदारशेठची पांढरी जीप चालवायचा. शेठच्या तीन जिपा. पावन्यांना भंडारदऱ्याला न्यायचं, धरन दाखवायचं, घाटघरच्या कड्यावर उभं करायचं आन दिवस मावळायच्या आत माघारी आनायचं, हा धंदा. सकाळी बाकीचे डायव्हर टपरीवर च्या पीत बसायचे, तवा महेंद्र बोनट उघडून उभा. आधी टायर बघायचा, मग रेडिएटरचं पानी, मग ऑइलची पट्टी. पट्टी म्हंजे इंजिनात खोचलेली लांब सळई. उपसायची, पुसायची, परत घालायची, परत उपसायची. दोन खुना असत्यात तिच्यावर, तेल त्या दोन्हीच्या मधी पायजे, आन शेठची जुनी इंजिनं रोज तेल खायची. पुसायला महेंद्रच्या खिशात धुतलेलं सुती फडकं असायचं. मच्छिंद्र शेठचा बदलीचा डायव्हर. तो ह्या भानगडीत पडायचाच न्हाई, आन कधी पडलाच तर पट्टी सीटच्या कव्हरला पुसायचा. त्याच सीटवर बसून मग भेळ खायचा. महेंद्र तिकडं पाठ करायचा.

पट्टी झाली की चावी अर्धी फिरवायची. स्टेरिंगमागच्या मीटरच्या काचेत सगळे दिवे लागत्यात, बॅटरीचा, ब्रेकचा, झारीचा. इंजिन चालू झालं की ते इझायला पायजेत.

"आधी लागला पायजे, मग इझला पायजे," महेंद्र सांगायचा. "लागत न्हाई तोबी चोर, इझत न्हाई तोबी चोर."

झारी म्हंजे लाल दिव्यावरचं चित्र. लांब तोटी, तोटीला लोंबता एक थेंब. ती तेलाची झारी. पेटली की समजायचं, इंजिनाला तेल पोचंना. पन आपल्याकडं झारी म्हनलं की मानसाला काय आठवतं? रोपाला पानी घालायची झारी. घोळ तिथंच झाला.

गेल्या हिवाळ्यात महेंद्र चार दिवस बेलापूरला आमच्या बहिनीकडं गेल्ता. शुभांगीच्या पोरीचं बारसं हुतं. तेवढे चार दिवस पांढरी जीप मच्छिंद्रच्या ताब्यात. रविवारी सकाळी सातला महेंद्र कामावर आला आन गाडीचं दार उघडून तसाच मागं सरला. आत गुटख्याचा आंबूस वास. दाराच्या आतल्या बाजूनं पिचकारीचे ओघळ वाळलेले. ब्रेकच्या पायाखाली पान्याची रिकामी बाटली गडगडत हुती. बाटली ब्रेकखाली आडकली तर काय हुईल, हे ह्या मानसाच्या ध्यानात आलं न्हाई. महेंद्रनं दोन बोटांत धरून ती भाईर काढली.

मग पट्टी उपसली. तेल वरच्या खुनेच्याबी वर चार बोटं. चार दिवसांत इंजिनात तेल वाढत न्हाई. आन रंग? डिझेल गाडीचं तेल काळं आसतं, काजळासारखं. हे राखी हुतं, चिकट, शिळ्या आमटीवर साय धरावी तसं. तेल भरायचं झाकन फिरवलं तर आतून लोन्यासारखा पिवळट गोळा लोंबत आला. महेंद्रनं वास घेतला. तेलात पानी गेलं हुतं.

चावी फिरवायला आत वाकला तर मीटरच्या काचेच्या कोपऱ्यात नवंच स्टिकर. हात जोडलेले केदारशेठ, गळ्यात हार, खाली मोबाईल नंबर. इंजिन चालू केलं. बाकीचे दिवे इझले. शेठचं तोंड मात्र आतनं लाल झालं. झारीच्या बरोब्बर वर चिकटवलं हुतं ते.

तेवढ्यात शेठच आले, मागं पावने. मार्तंड सर म्हनून रिटायर मास्तर, त्यांच्या बाई दमयंती, सून आन नात ईरा.

महेंद्रनं शेठला बाजूला घेतलं. "शेठ, ही गाडी जात न्हाई."

"का रं? बेलापूरची हवा लागली व्हय तुला?"

"तेलात पानी हाय. झारी पेटलेली हाय. त्याच्यावर हे चिटकवलं कुनी?"

"मी. पावनं बघत्यात आन इचारत बसत्यात, हे लाल काय, ते लाल काय. उगा डोक्याला ताप. आन रेस दिली की इझतो तो."

"रेस दिल्यावर इझतो म्हंजे बरा झाला न्हाई शेठ. घाटाच्या उतारावर इंजिन जाम झालं तर स्टेरिंग दगड हुतं, ब्रेक दगड हुतो. खाली काय हाय तुमाला म्हाईत हाय."

"दुसऱ्या दोन्ही जिपा भाड्यावर गेल्यात. घाटघरला जाऊन ये, उद्या बघू. न्हाईतर चावी ठेव, मच्छिंद्र नेईल."

महेंद्रला तिथंच कळलं. त्यानं चावी ठेवली तर नोकरी जाती एवढंच न्हाई, गाडी तरीबी जाती. ही चार मानसं मच्छिंद्रच्या मागं बसून घाट उतरनार.

तो पट्टी घेऊन सरळ सरांकडं गेला. "सर, हे बघा. इंजिनातलं तेल असं आसतं का?"

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. "अहो, आम्हाला त्यातलं काय कळणार? केदार म्हणतोय ना, बरी आहे म्हणून? उगाच उशीर नको." आन दार उघडून बसलेसुद्धा. आयुष्यभर पोरांना परीक्षेत पास-नापास केलेला मानूस. नाकाखाली धरलेला नापासाचा कागद त्याला वाचता आला न्हाई. महेंद्रला शेठपेक्षा त्याक्षनी सरांचीच जास्त शिसारी आली.

त्यानं इंजिन बंद केलं, मागनं सतरा नंबरचा पाना काढला, पत्र्याचा ट्रे वढला आन जिपेखाली शिरला.

"म्हेंद्रा, काय करतूस?" शेठ वाकून बघायला लागले.

"चेंबरचा नट सोडतूय." चेंबर म्हंजे इंजिनाचं बूड, तेल साठतं ते.

"नट सोडलास तर कामाला मुकशील."

महेंद्रनं सोडला. आधी पडलं ते निव्वळ पानी, वाटीभर. मग राखी घान, घट्ट, गुठळ्या-गुठळ्यांची, बुडबुड करत ट्रेमधी यायला लागली. ट्रे भरला, वरनं सांडला, फरशीवरनं वघळत शेठच्या पांढऱ्या सँडलीला लागला.

"शी. गाडीला उलटी झाली," ईरा म्हनाली.

सर भाईर आले. नाकाला रुमाल लावून ट्रेकडं बघत उभे ऱ्हायले. आता त्यांना सगळं वाचता येत हुतं.

टपरीवरनं मच्छिंद्र च्याचा गलास घेऊन आला आन ट्रे बघून खाली बसला. "गड्या, हे असं कसं झालं? मी तर पानी वेळेवर घातलं हुतं."

"कशात?"

"झारी पेटली ना इठा घाटात. बोनट उघडलं तर इंजिनावरच्या झाकनावरबी तीच झारी. म्हनलं पान्याचीच हाय. दोन बाटल्या वतल्या. दिवा इझला की लेका लगेच."

"इझनारच. तळाला गेलेलं तेल पान्यानं वर आनलं," महेंद्र म्हनाला. "आन परत कधी लागला?"

"दुसऱ्या दिवशी. शेठला दावला. शेठनी स्टिकर लावलं, म्हनलं आता शेठनी बघितलंय."

सरांच्या सूनबाई हसल्या. महेंद्रला हसू आलं न्हाई. मच्छिंद्रला झारी कळली न्हाई, ठीक हाय, त्याला कुनी सांगितलं न्हवतं. ज्याला दिवा दिसला आन ज्यानं त्याच्यावर सोताचं थोबाड चिकटवलं, त्याच्याकडं बघवंना. वर त्या थोबाडानं हात जोडलेले.

"झालं समाधान?" शेठ सँडल फरशीला घासत म्हनाले. "चावी ठेव. उद्यापास्नं येऊ नगं."

महेंद्रनं चावी ठेवली. सरांकडं बघितलं. सर काय बोलत्यात का, एवढीच वाट बघितली. सर नातीचा हात धरून रस्त्याकडं तोंड करून उभे हुते. महेंद्रनं फडक्यानं हात पुसले. घान इतकी चिकट की फडकं टाकून द्यावं लागलं. चालत घरी आला. आमच्या आईनं, कलाबाईनं, ताट वाढलं तर आमटीवरची साय बघून ताट सरकवून दिलं. कोरडी भाकर चटनीसंगं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दारात हॉर्न वाजला. मच्छिंद्र हुता, शेठची निळी जीप घेऊन.

"चल. शेठनी धाडलंय. सर लॉजवर ऱ्हायलेत, म्हनत्यात महेंद्र असला तरच बसू. शेठ म्हनले, झालं गेलं इसरून जा म्हनावं."

"इसरू की. पन काय झालं ते शेठनी अजून कबूल कुटं केलंय?"

"आता ते मी काय सांगू? बसतूस का न्हाई?"

महेंद्र बसला न्हाई. डायव्हरच्या दारातनं आत वाकला. हिच्याबी मीटरच्या काचेवर तेच स्टिकर, तेच हात जोडलेले. त्यानं नखानं कोपरा उचलला आन शेठला हारासकट सोलून काढलं. डिंकाचा चिकट डाग ऱ्हायला, तो आईकडनं रॉकेलचा बोळा आनून घासला. चावी अर्धी फिरवली. झारी लागली. इंजिन चालू केलं. झारी इझली. बंद करून त्यानं बोनट उघडलं.

"आता अजून काय?" मच्छिंद्र म्हनाला.

"घरातनं फडकं आन. धुतलेलं," महेंद्र म्हनाला, आन पट्टी उपसली.