उलटलेला नीलम

दुकानात पुढे काउंटरवर दीर बसायचा. लोकांची जन्मतारीख विचारून खडे द्यायचा. मागे खिडकीपाशी वहिनी बसायची आणि ते खडे अंगठीच्या कोंदणात बसवायची. दोघांमध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. तिचा नवरा होता तोवर भांडणात तो मध्ये पडायचा. तो गेला आणि मध्ये नुसतं प्लायवूड उरलं.

वहिनीला खड्यांचं कौतुक कधीच नव्हतं. जन्मभर ज्यांची मान चिमट्यात धरली, त्यांना कोण भिणार? पाचूनं बुद्धी वाढते, असं पुढून ऐकू आलं की ती मागून म्हणायची, "पाचूचा डबा रोज हाताळतात आमचे भाऊजी. वाट बघतोय आम्ही."

गिऱ्हाईक हसायचं. दीर हसत नसे, कारण तो जे विकायचा ते त्याला मनापासून पटलेलं होतं. नीलमाला तर तो उघड्या हातानं शिवतही नसे. पुडीतूनच घ्यायचा, पुडीतूनच द्यायचा. नीलम मानवला तर माणूस वर येतो, उलटला तर जातो. आणि उलटलेला खडा जो हातात घेईल त्याच्याच मागे लागतो, असं तोच सगळ्यांना सांगायचा.

त्या दिवशी लॉन्ड्रीवाला बोटातली नीलमाची अंगठी काढतच दुकानात शिरला.

"ही घातली आणि बायको माहेरी गेली. काल नवरदेवाचा कोट जळला. तोही पाठीवर."

"बायको कोटाच्या आधी गेली की नंतर?" वहिनीनं आतून विचारलं.

"तुम्ही बोलूच नका. खडा कातडीला टेकायला हवा ना? कोंदण खालून उघडं ठेवलं होतं का?"

"ठेवलंय. तुमची इस्त्री सोडून सगळं जागच्या जागी आहे."

दीर लाल झाला. सगळा दोष आता दुकानावर येणार, हे त्याला दिसत होतं. त्यानं तो सरळ पार्टिशनपलीकडे ढकलला.

"वहिनी, श्रद्धा नसलेल्याच्या हातून बसवलेला खडा उलटतोच. किती दिवस सहन करायचं? खिडकी रिकामी करा. सोमवारी दुसरा कारागीर बसेल."

वहिनीच्या हातातली कानस थांबली. तिची नजर आताशा अधू झाली होती. बल्बखाली तिला कोंदणाची कड दिसत नसे, त्या खिडकीच्या उजेडात दिसायची. खिडकी गेली की काम गेलं, हे दिरालाही ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं नेमकी खिडकीच मागितली.

लॉन्ड्रीवाल्याला घरच्या भांडणात रस नव्हता. त्यानं अंगठी काउंटरच्या काचेवर ठेवली, "आता ही तुमची" म्हणाला आणि निघून गेला.

दीर खुर्चीसकट मागे सरकला. एक बाई मुलीसाठी मोती घ्यायला आल्या. त्यांनी अंगठीकडे पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या दुकानदाराकडे पाहिलं आणि मोती न घेताच गेल्या. पुढचा माणूस तर पायरीवरूनच वळला. दिरानं पट्टीनं अंगठी ढकलून पाहिली. ती घरंगळली ती थेट गल्ल्यासमोर जाऊन थांबली.

"वहिनी, जरा एवढं उचलता का?"

"माझ्या हाताला श्रद्धा नाही, भाऊजी. आणखी उलटायचा."

"उगाच ताणू नका."

"मी कुठं ताणतेय? मी खिडकी रिकामी करतेय." आणि ती खरोखरच चिमटे डब्यात भरू लागली. सावकाश, एकेक पुसून.

दिरानं गल्ल्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "राहू द्या खिडकी," तो शेवटी म्हणाला. अशा थाटात, की जणू भीक घालतोय.

वहिनी पुढे आली. अंगठी तिनं दोन बोटांत उचलली, पदराला पुसली, आत नेली आणि खिडकीच्या चौकटीला, तिच्या हत्यारांच्या वर, एक खिळा ठोकून त्यावर अडकवली.

"तिथं कशाला?" दिरानं दारातूनच विचारलं. आत पाऊल टाकायची त्याची तयारी नव्हती.

"असू दे. मला इथून उठवायचं मनात आलं की आधी ही काढायची," वहिनी म्हणाली आणि कानस हातात घेतली. "स्वतःच्या हातानं. पुडी चालणार नाही."