खांद्याला झेपेल अशी रायफल

रिटायर झाल्यावर काय करता, असं ग्लासगोत कुणी विचारलं की डॉक्टर सुप्रभा आठल्ये सरळ सांगायच्या, नेमबाजी करते. विचारणारा मराठी असला तर आधी हसायचा आणि मग त्यांच्या नवऱ्याकडे, श्रीनिवासरावांकडे बघायचा. खरं-खोटं जणू त्यांनी सांगायचं! सुप्रभाताईंचा तिळपापड व्हायचा. पस्तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून माणसं झोपवली आणि वेळेवर उठवली, तेव्हा कुणाला नवऱ्याची साक्ष लागली नव्हती.

श्रीनिवासराव पेशाने इंजिनियर, स्वभावाने देवभोळे आणि बंदुकीचं नाव काढलं की नाक मुरडणारे. शनिवारी ताई रेंजवर निघाल्या की ते पेपरात तोंड खुपसून बसत. भांडण नाही आणि कौतुकही नाही. ताईंचं त्यावाचून काही अडलं नव्हतं म्हणा. घर, हॉस्पिटल, मुलगी, मंडळाचा गणपती, सगळं जन्मभर दुसऱ्यांसाठी केलं. शनिवारचे ते तीन तास तेवढे त्यांचे एकटीचे होते.

आणि नेमका उजवा खांदा गेला. ऑक्टोबरात ऑपरेशन झालं. जुन्या रायफलचा धक्का आता विसरा, असं सर्जनने बजावलं. विसरा म्हणे! हात झोळीत अडकवून बाईंनी महिनाभर डाव्या हाताने लॅपटॉप चालवला. रायफल जड असली की धक्का कमी बसतो, पण मग ती उचलणार कोण? अगदी हलकी घ्यावी तर ती खांद्यावर सणसणीत दणका देणार. शेवटी त्यांनी भूलतज्ज्ञाच्या रीतीने तोड काढली, डोसच कमी करायचा. मध्यम वजनाची, दस्त्याला मऊ रबर लावलेली आणि घरच्या घरी बॅरल, म्हणजे पुढची नळी, बदलता येईल अशी एक बोल्ट-ॲक्शन, दर गोळीला हाताने खटका मागे ओढायची रायफल त्यांनी हेरली. आधी टू-टू-थ्रीची बॅरल लावायची, त्या छोट्या गोळीचा धक्का जेमतेम असतो. खांदा सुधारला तर मग सवयीची, मोठ्या गोळीची थ्री-ओ-एट. रायफल एक आणि कॅलिबर दोन.

मात्र इथे जादा बॅरलसुद्धा पोलिसांच्या परवान्यावर चढवून घ्यावी लागते. ताईंनी अर्ज केला आणि जानेवारीत परवाना विभागाच्या फिओना नावाच्या बाई घरी तपासणीला आल्या. त्यांनी भिंतीत पक्कं बसवलेलं रायफलचं कपाट हलवून पाहिलं, किल्ली कुणाकडे असते ते विचारलं. माझ्याचकडे, ताई म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या. किल्ली त्यांच्या जुन्या स्टेथोस्कोपच्या डबीत असायची. ज्या नवऱ्याला स्वतःचा चष्मा कधी सापडत नाही, त्याला ही डबी ठाऊक असेल असं कुणाच्या मनात तरी येईल का?

चहा झाला, चकल्या झाल्या. फिओनाबाईंनी चकलीची तारीफ केली तसे श्रीनिवासराव खुलले. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, असं सांगत त्यांनी हौसेने फोन पुढे केला. फोटोत पाटावर ताईंची रायफल होती. तिला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल आणि खाली ऑक्टोबरातली तारीख.

फिओनाबाईंनी कप खाली ठेवला. ज्याचा परवाना त्यानेच कपाट उघडायचं, घरच्यांनीसुद्धा हात लावायचा नाही, असा इथला नियम. तो मोडला तर परवाना जाऊ शकतो. त्यांनी ताईंना शांतपणे विचारलं, "त्या दिवशी तुम्ही घरी होतात ना?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. श्रीनिवासरावांचा चेहरा पांढराफटक पडला. ताईंच्या पायाखालची जमीन सरकली, आणि त्याहून जास्त त्यांचं डोकं फिरलं. इतकी वर्षं नाक मुरडलंत, मग आत्ताच ही भक्ती कुठून उपटली? "अहो, तुम्हाला कुणी सांगितलं होतं पूजा करायला?" त्या मराठीत कडाडल्या.

"तू वॉर्डात होतीस," श्रीनिवासराव खाली मान घालून म्हणाले. "हात वर होत नाही म्हणून रडलीस. मला तुझं रडणं बघवेना. वाटलं, देवाला सांगावं, हिला पुन्हा ती उचलता येऊ दे."

ताईंचा राग कुठल्या कुठे गेला. खोटं बोलणं अजूनही सोपंच होतं. पण मी घरी होते म्हणायचं म्हणजे ती पूजा माझी म्हणायचं, आणि ती तर या माणसाची होती. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच ताईंच्या शनिवारासाठी काही मागितलं होतं.

"नाही," त्या फिओनाबाईंना म्हणाल्या. "मी हॉस्पिटलमध्ये होते. पूजा यांनी केली, माझ्यासाठी."

त्याच दुपारी रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाली आणि पुढचे अकरा शनिवार ताई घरात बसल्या. श्रीनिवासरावांनी चूक सर्वस्वी माझी आहे असं चार पानी पत्र पोलिसांना लिहिलं. घरात ते इतक्या वेळा माफी मागत की शेवटी ताईंनीच पुरे म्हणून दम भरला. रात्री मात्र ताईंना झोप नसे. या वयात परवाना एकदा गेला की परत मिळण्याची आशा नव्हती.

एप्रिलात उत्तर आलं. कडक ताकीद होती, आकड्यांच्या कुलपाचं कपाट बसवायची अट होती, आणि नव्या रायफलला व जादा बॅरलला मंजुरी होती. ताईंनी पत्र दोनदा वाचलं आणि मग खुर्चीत बसून पोटभर रडून घेतलं.

नवी रायफल आली त्या दिवशी डायनिंग टेबलावर जुनी चादर पसरली गेली. कपाट उघडायच्या आधीच श्रीनिवासराव भुरभुर पावसात बागेत जाऊन उभे राहिले. आकडा चुकूनसुद्धा दिसायला नको, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी बोलावल्यावरच ते आत आले आणि चार हात लांब उभे राहून माहितीपुस्तिका मोठ्याने वाचू लागले. ताईंनी थ्री-ओ-एटची बॅरल उतरवली, टू-टू-थ्रीची बसवली आणि पुस्तिकेत लिहिलं होतं तेवढेच स्क्रू आवळले. सगळं दोनदा तपासलं.

शनिवारी ताई निघाल्या तर श्रीनिवासराव कोट घालून दारात तयार. लांबूनच बघतो म्हणाले. रेंजवर त्यांना आवाजबंद काचेमागे, पाहुण्यांच्या खोलीत उभं केलं. ताई चटईवर पालथ्या झोपल्या, दस्ता खांद्याला लावला आणि श्वास सोडत गोळी झाडली. खांद्याला नुसता हलका धक्का जाणवला, कळ अशी आलीच नाही.

त्यांनी रायफल खाली ठेवून मागे वळून पाहिलं. श्रीनिवासराव डोळे घट्ट मिटून, हात जोडून उभे होते. गोळी केव्हाच सुटली होती आणि बायकोला काही झालं नव्हतं, हे त्यांना अजून कळलंच नव्हतं.